सोळ, सत्तर, अढार

सुरतेतल्या उधन्याच्या शाळेपाशी गाठोडं डोक्यावरून खाली उतरवायचं काही कारण नव्हतं. मान अजून भरून आली नव्हती आणि तिथे सावलीही धड नव्हती. नूतन आपल्या चालीत चालली होती. शाळेच्या खिडकीतून पोरं एका सुरात आकडे म्हणत होती, अगियार, बार, तेर, चौद, आणि तिचे पाय आपोआप त्या सुरात पडत होते. भाषा कुठलीही असो, पोरांचा पाढे म्हणायचा सूर तोच. पंदरला डावा पाय, सोळला उजवा, आणि मग पोरं म्हणाली, सत्तर. डावा पाय तसाच राहिला. पोरं चुकली, तिला वाटलं, आता बाईंची पट्टी टेबलावर वाजणार. पट्टी वाजली नाही. पोरं खुशाल पुढे गेली, अढार, ओगणीस, वीस, आणि वीसला दमून थांबली. मग पुन्हा अगियारपासून. नूतनने गाठोडं भिंतीला टेकवत खाली घेतलं आणि दुसऱ्या फेरीची वाट पाहिली. सोळ. सत्तर. अढार. एखादं पोर चुकेल, अख्खा वर्ग कसा चुकेल? म्हणजे गुजरातीत सत्तर म्हणजे सतरा.

गाठोड्यात सत्तर परकर होते. डिंडोलीतल्या त्यांच्या गल्लीतल्या सात बायकांनी मिळून शिवलेले, आणि प्रत्येकाला आतून, नाडीच्या खाली, उजव्या हाताला, एक चोरखिसा. खानदेशातल्या बायका हा खिसा आजीपणजीपासून लावत आल्या. त्यात सुटे पैसे असतात, मिशरीची डबी असते, देवीचा अंगारा असतो, घरच्या पुरुषांना दाखवायचं नसतं ते सगळं असतं. हा खिसा विकता येतो हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण जे अंगावर असतं ते विकायचं नसतं. सुमनबेनच्या डोक्यात आलं. सुमनबेन एका संस्थेतून दर आठवड्याला गल्लीत यायची, मूळची मराठीच, पण सुरतेत जन्मलेली, त्यामुळे बोलता बोलता गुजरातीत उतरायची. नूतनने खिशातून भाजीचे पैसे काढताना तिने पाहिलं आणि म्हणाली, हे काय आहे, दाखव. मग म्हणाली, हे विका. तुम्ही आजपर्यंत दुसऱ्याच्या मापाने शिवता, दुसऱ्याच्या भावाने शिवता, मधला माणूस सांगेल तोच बाजार. एकदा स्वतः बाजारात जा. बाजार काही वाघ नाही. ती स्कूटरवर बसून हे म्हणाली होती, हे नूतनला आज उगाच आठवलं. स्कूटरवरून वाघसुद्धा लहानच दिसत असेल.

पंधरा दिवसांपूर्वी तिघी रिंग रोडच्या मार्केटात गेल्या होत्या. सुमनबेन, नूतन, आणि गल्लीतली सगळ्यात मोठी बाई म्हणून शोभाबाई. शोभाबाई दुकानाच्या आत आलीच नाही. चपला बाहेर काढायच्या होत्या आणि एवढ्या लोकांत चपला चोरीला जातील म्हणून ती तिघींच्या चपला मांडीशी घेऊन जिन्यावर बसून राहिली. आत पांढरी गादी, पांढरे तक्के, थंड वारा, कापडाच्या नव्या खळीचा वास. सेठच्या तोंडात पान होतं. त्याने नमुन्याचा परकर उलटापालटा केला, खिसा दिसताच लहान पोरासारखा त्यात हात घातला, आणि हात बाहेर आला तो ज्वारीचे दोन-चार दाणे घेऊन. हे शोभाबाईचं काम. "रिकामा खिसा कोनले देवू नही व माय," असं म्हणून तिने शिवून झालेल्या नमुन्यात गुपचूप दाणे टाकले होते, शेजारणीचं भांडं परत करताना टाकतात तसे. नूतनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सेठ हसला. दाणे त्याने टाकले नाहीत, गादीच्या कडेला ठेवले. मग सुमनबेनला कुणीतरी ओळखीचं दिसलं म्हणून ती दारापर्यंत गेली, सेठचा फोन वाजला, त्याने तो खांद्यात आणि कानात धरला, आणि फोनवर कुणाशी तरी बोलता बोलताच नूतनकडे बघून म्हणाला, "सत्तर नंग, बस." आणि हाताने खूण केली, जा आता.

एवढंच. ते वाक्य तिने तेव्हापासून किती वेळा मनात घोळवलं होतं. भाकरी थापताना, मशीन मारताना, रात्री पाठीला पाठ लावून झोपलेल्या सुकलालच्या घोरण्यात. सत्तर नंग, बस. किती गोड वाक्य. आता भिंतीपाशी उभं राहून ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा उसवून बघत होती. ते हिंदी होतं की गुजराती? सत्तर, हिंदीत सत्तर म्हणजे सत्तरच, आपल्यासारखं. पण फोनवर तो गुजरातीत बोलत होता. नंग, म्हणजे नग, हा शब्द तर मार्केटात सगळेच म्हणतात, हिंदीवालेही, हमालही. बस, हे तर जगात सगळीकडे बस. पण बस का म्हणाला? सत्तरला कुणी बस म्हणतं का? बस थोड्याला म्हणतात. पानात वाढताना म्हणतात, दोन पोळ्या, बस. सतरा नंग, बस. म्हणजे नमुन्यापुरते, बायका गरीब आहेत, पोटाला चार पैसे मिळू देत, सतरा, बस. सुमनबेनने परत आल्यावर विचारलं होतं, किती सांगितले? सत्तर, नूतन म्हणाली, आणि सुमनबेनचे डोळे मोठे झाले. सत्तर? अरे वा. कागदावर घ्यायला हवं होतं, ती म्हणाली, आणि मग तीही विसरली, कारण जिन्यावर शोभाबाई चपलांना मिठी मारून डुलक्या घेत होती आणि तिला बघून दोघी हसत सुटल्या. हसताना माणूस किती बेसावध असतो. आज सुमनबेन बडोद्याला मीटिंगला होती. शोभाबाईने नूतनच्या लेकीला, योगिताला, सांभाळायला घेतलं होतं. विचारायला कुणी नव्हतं, आणि ऐकलं होतं फक्त तिनेच.

सतरा घेतले तर उरलेले त्रेपन्न परकर घेऊन परत जायचं. गल्लीत शिरायचं. ओट्यांवर सगळ्या बसलेल्या असणार, आज कुणी मशीनवर बसणार नाही, सणासारखा दिवस. नूतन आली म्हणून तारा आधी ओरडेल, उनी उनी, नूतन उनी. आणि मग गाठोडं दिसेल. आणि अनुसया. तिला आठवा महिना चालू होता, बाळंतपणासाठी डब्याच्या तळाशी जे ठेवलं होतं ते तिने कापडाला दिलं होतं, हसत हसत, म्हणाली होती, पोरगं यायच्या आधी परत येतंच ना. सगळ्यांनीच असं कुठून कुठून काढून दिलं होतं. आणि हे सगळं नूतनच्या शब्दावर. तिने स्वतःच्या कानांवर सात घरं उभी केली होती.

बाजार तिला लहानपणापासून भिववायचा. गावाला बाप एकदा गोऱ्हा विकायला गुरांच्या बाजारात गेला होता, आणि ती हट्टाने बरोबर गेली होती. व्यापाऱ्याने खांद्यावरचा पंचा काढून बापाच्या हातावर टाकला, आणि पंचाखाली दोघांचे हात काहीतरी बोलू लागले. वरून दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत होते. खाली बोटं बोटांना धरत होती, सोडत होती. तिने बापाच्या तोंडाकडे बघून भाव ओळखायचा प्रयत्न केला. ते तोंड एकदा उजळलं आणि मग हळूहळू विझत गेलं. पंचा निघाला तेव्हा गोऱ्ह्याची दोरी दुसऱ्याच्या हातात होती. बाजार असा पंचाखाली होतो, हे तिच्या मनात तेव्हा बसलं ते बसलंच. सुरतेत आल्यावर फक्त पंचाच्या जागी शालिग्रामदादा आले. सुकलालचा मोठा चुलतभाऊ. मार्केटातून कापलेलं कापड आणायचं, गल्लीतल्या बायकांना शिवायला वाटायचं, शिवलेलं गोळा करून परत न्यायचं. वरती काय भाव होतो ते त्यांनाच ठाऊक. पैसे बायकांच्या हातात कधी देत नसत, घरच्या माणसाच्या हातात देत. ते जेठ, म्हणजे थोरले दीर, म्हणून नूतन त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची आणि मान वर करून बोलायची नाही. आणि त्यांचे उपकारही खोटे नव्हते. सुकलालला लूमवर त्यांनीच लावलं, खोली त्यांनीच बघून दिली. महिन्याभरापूर्वी नूतनने पदराआडून जेव्हा सांगितलं की आता आमचं आम्ही शिवतो, तेव्हा ते चिडले नाहीत, हसले. बमरोलीच्या बायकांना काम देईन म्हणाले. आणि जाताना सुकलालला म्हणाले, वहूला जप, मार्केट फार मोठं आहे. सुकलाल त्या रात्री जेवला नाही.

पोरं पुन्हा अगियारला आली होती. तिला ऐकवेना. तिने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली, पण पाय आता सुरात पडत नव्हते. गाठोडं जड झालं होतं, किंवा त्यातले त्रेपन्न परकर वेगळे जड झाले होते. एका शब्दाने असं होतं. दोन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. गणपतीनंतरचे दिवस, तिन्हीसांजेला कुणीतरी सायकलवरून गल्लीत ओरडत गेलं, प्लेग, प्लेग, आणि तिने परातीतलं मळलेलं पीठ तसंच टाकून योगिताला उचललं होतं. स्टेशनवर माणसांवर माणसं. नंदुरबारपर्यंत ती एका पायावर उभी होती आणि मनाशी एकच, पीठ झाकलं नाही, पीठ झाकलं नाही. सगळी गल्ली पळाली. एकटी शोभाबाई राहिली. "मन्हासारखी म्हातारीले कोन खास?" मला कोण खाणार, असं म्हणाली आणि राहिली. महिन्याने परत आल्यावर ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती, जणू सगळे मधल्या वेळात भाजी आणायला गेले होते. परातीतल्या पिठावर हिरवी बुरशी वाढून सुकून गेली होती. नूतनला ती परात घासताना लाज वाटली होती. पण लाज वाटायचं काय कारण? भीती खोटी नव्हती, माणसं खरंच मेली होती. पळालेला शहाणा की राहिलेला, हे परत आल्यावरच कळतं, आणि तेव्हा ते कळून काही उपयोग नसतो.

शेअर रिक्षा मिळायच्या नाक्याच्या अलीकडे शालिग्रामदादांचा गाळा होता. तिथे जायचं असं तिने ठरवलं नव्हतं. निदान नंतर तिने स्वतःला तसंच सांगितलं. फक्त विचारायचं होतं. जगात एवढी माणसं, पण सत्तरचा अर्थ विचारायला आपलं असं तेच एक होतं. दादा गाळ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. तिने लांबूनच गाठोडं उतरवलं आणि पदर पुढे ओढला.

"नूतन शे का?" ते रस्त्याकडे बघत म्हणाले. जेठ वहूकडे सरळ बघत नाहीत. "बठ. पानी पी. कोठे चालनी इतलं वझं लिसन?"

तिने सांगितलं. पदराआडून, तुटक तुटक. सेठचं नाव, सत्तर नंग, शाळेतली पोरं. सांगता सांगता तिला वाटलं, दादा हसतील, म्हणतील, वेडी आहेस का. तसं झालं असतं तर ती उठून धावतच गेली असती.

दादा हसले नाहीत. "गुजरातीमा सत्तर म्हंजे सतराच," ते म्हणाले. "आपला सत्तरले त्या सित्तेर म्हनतस. पोरे बराबर सांगी राह्यनात."

"पण दादा, तो हिंदी बोलना का गुजराती, मन्हा ध्यानमा नही."

"आपला दुकानमा बसेल गुजराती मानूस कोनती भाषा बोलई?" दादांचा आवाज मऊ होता. त्या मऊपणाची तिला जास्त भीती वाटली. "देख, माले काय. पन एक सांगस. सेठनी परत करेल माल मार्केटमा कोनी लेत नही. परत उना म्हंजे खोट शे, असं समजतस. मी बी लेवाव नही. आते हाऊ माल कोरा शे. सतरा तू लई जाय, बाकीना अठे टाक. कापडना पैसा निंघी जातीन, शिलाईना बी थोडा. सांजले सुकलालना हातमा दिसू."

थोडा. संध्याकाळी देणार, तेही सुकलालच्या हातात. तिने ऐकलं. कोरा माल, हेही ऐकलं. परत आलेल्या मालाकडे कुणी बघत नाही, आणि परत आलेल्या बाईकडे? गल्लीत शिरताना डोक्यावर गाठोडं नसेल. हात मोकळे असतील. विकले गेले, असं सांगता येईल, आणि ते खोटंही नसेल. अनुसयाचं निदान कापडात गेलेलं परत येईल. एवढाच विचार तिने केला, आणि तो विचारसुद्धा नव्हता, पळायला दिसलेलं दार होतं. तिने गाठ सोडली. दादांच्या माणसाने परकर मोजून घेतले. तिच्यापुढे सतरा उरले, पदरात मावतील एवढे. दादा रस्त्याकडे बघत म्हणाले, "शानी शे."

रिक्षात ते छोटं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्यावर तिला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. वाटलं नाही. मघाशी कशाची भीती वाटते ते ठाऊक होतं. आता पुलाखालून जाताना, सिग्नलला थांबताना, मार्केटच्या पायऱ्या चढताना ती भीती नुसतीच होती, मालकाशिवाय. चपला काढताना तिला शोभाबाईची आठवण आली. शोभाबाईने त्या सगळ्या सत्तर खिशांत दाणे टाकले होते. काल संध्याकाळी, चष्मा नाकावर, मांडीवर सूप घेऊन, एकेका खिशात चिमूट. तारा हसली होती, आजी, सेठ काय पेरनार शे का? नूतनला आता दिसलं, दादांच्या गाळ्यात अंधारात ते त्रेपन्न खिसे, दाण्यांसकट.

सेठ जेवायला बसला होता. मुनीमने तिला आतल्या कोपऱ्यात, कापडाच्या ठाणांच्या थप्पीशेजारी बसायला सांगितलं. ती बसून राहिली. पंखा फिरत होता. कुणी येत होतं, कुणी जात होतं, आकडे हवेत उडत होते आणि ती प्रत्येक आकड्याकडे दचकून बघत होती, जणू एकेकाला विचारत होती, तू कोण? खूप वेळाने सेठ हात पुसत आला, तिला ओळखून हसला, आणि गाठोडं स्वतःच सोडलं. हसू तसंच राहिलं, पण कपाळाला एक आठी पडली.

"ये क्या, बेन? बाकी के?"

"सतरा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. "आपने सत्तर बोला था. सत्तर म्हणजे... गुजराती में..."

सेठ एवढ्या जोरात हसला की मुनीमने चोपडीतून मान वर केली. "अरे बेन! मैं आपके साथ गुजराती क्यूं बोलूंगा? आपको समझे इसलिए तो हिंदी बोला. सत्तर! सात-शून्य! सित्तेर!" त्याने दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर केली आणि मग मूठ वळून शून्य दाखवलं. "पार्सल शाम को जाएगा. बाकी के कहां?"

आपको समझे इसलिए. तिला कळावं म्हणून. आजपर्यंत या शहरात तिला कळावं म्हणून कुणी भाषा बदलली नव्हती, आणि एकाने बदलली तर तिने ती पुन्हा उलटी करून घेतली. तिला हसू यायला हवं होतं. तिला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. डोळ्यांपुढे नुसता बापाचा हात होता, पंचाखालचा. इथे तर पंचा नव्हताच. इथे सगळं उघड होतं आणि तिने स्वतःच तो आणून पांघरला होता. बाकी के कहां, सेठने पुन्हा विचारलं. ती सांगणार होती. काय सांगणार होती कुणास ठाऊक. तेवढ्यात दारात आवाज आला.

"खिस्सावाळा चणिया लाव्यो छुं, सेठ."

खिसेवाले परकर. तिने आवाज ओळखला, मग गाठ ओळखली. गाठोडं तिचंच होतं, तिचंच जुनं हिरवं लुगडं. शालिग्रामदादा चपला काढून आत आले आणि गाठोडं गादीवर ठेवलं. तिचा हात सवयीने डोक्यावर गेला आणि पदर कपाळापर्यंत आला. पदराच्या हालचालीने दादांचं लक्ष गेलं. त्यांनी तिला पाहिलं. ते दचकले असतील तर ते एका पापणीपुरतं, मग त्यांनी नजर सेठकडे वळवली, कारण जेठ वहूकडे बघत नाहीत. सत्तरचा खरा अर्थ त्यांना गाळ्यावरच ठाऊक होता, की ते नशीब अजमावायला आले होते, हे तिला पुढेही कधी कळलं नाही.

सेठने वरचा परकर उचलला, झटकला, आणि मागच्यासारखाच लहान पोराच्या हौसेने खिशात हात घातला. हात बाहेर आला. तळव्यावर ज्वारी.

तो दाण्यांकडे बघत राहिला. मग त्याने नूतनकडे बघितलं. "आ तो बेनना छे."

"ना ना सेठ, मारो माल छे," दादा म्हणाले.

"तो आ शुं छे?" सेठने तळवा पुढे केला.

दादा खानदेशातलेच होते. रिकामं देऊ नये हे त्यांच्या आईनेही केलं असणार. पण त्यांनी त्या खिशांत हात घातला नव्हता. ते दाण्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गोडाऊनमां पड्या हशे." सेठने दुसऱ्या परकरात हात घातला, तिसऱ्यात घातला, आणि दाणे गादीच्या कडेला ओळीने ठेवत गेला. मग खांदे उडवले. "मने सित्तेर जोईए. कोना छे ए तमे नक्की करो." माझं काम सत्तरशी, कुणाचे ते तुम्ही ठरवा. आणि तो पान लावायला बसला.

नूतनला सगळं एकदम दिसलं. खोली, जिच्या घरमालकाशी दादांची ओळख. लूम, जिथल्या मुकादमाशी दादांची ओळख. सुकलालचं न जेवलेलं ताट. गप्प बसलं तर सतराचे पैसे मिळतील आणि सांजेला थोडे. गप्प बसणं तिला उत्तम येत होतं, त्याला कुठली भाषा लागत नाही. आणि गल्लीतल्या ओट्यावर अनुसया दोन्ही हात पोटावर ठेवून रस्त्याकडे बघत असणार.

"दादा," ती म्हणाली, "पैसा सांजले देवाना व्हतात ना?"

दादा सेठच्या पानदानाकडे बघत म्हणाले, "हां. सुकलालना हातमा."

"सांज व्हयनी नही अजून. माल आमनाच शे."

दादांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे सरळ बघितलं. जेठाने वहूकडे असं बघू नये आणि वहूने ते बघणं झेलू नये. तिने झेललंही नाही. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि हिरवं गाठोडं दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढलं. ते ओढायला दोन्ही हात लागले, त्यामुळे डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. गादीवर तिचे सतरा परकर रचून ठेवलेले होते. मागे दादा काय करताहेत, उभे आहेत की वाकताहेत, बोलणार आहेत की हात धरणार आहेत, हे तिच्या पाठीला कळत होतं आणि कळत नव्हतं. घरी गेल्यावर काय होईल तेही होतंच. तिने पहिला परकर उचलून सतरांच्या वर ठेवला.

"अढार," ती मोठ्याने म्हणाली.

पान जुळवणारा सेठचा हात थांबला. तिने दुसरा ठेवला.

"ओगणीस."

आणि मग वीस. वीसला तिला क्षणभर अडखळल्यासारखं झालं, पुढचं आठवेना, शाळेतली पोरं वीसलाच थांबली होती. पण वीस तर वीसच होते, इथेही आणि डिंडोलीतही. तिने पुढचा परकर उचलला. त्याच्या खिशातून दोन दाणे तिच्या मांडीवर पडले.

"एकवीस," ती म्हणाली.